बदकाची मंजुरी

"सही कर आणि विषय मिटव," म्हणत साहेबांनी तिच्या टेबलावर कागद आपटला. कागदावर एकच ओळ होती: 'अ‍ॅपची तपासणी केली, दोष आढळला नाही.' खाली तिच्या सहीसाठी जागा मोकळी ठेवलेली.

"पण दोष आढळलाय, साहेब."

"उद्या अ‍ॅप रुग्णालयात सुरू व्हायचंय."

"म्हणून तर सही करत नाहीये."

ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली भोकं शोधायची आणि त्याबद्दल बोलणी खायची, हा तिचा अकरा वर्षांचा धंदा. ऑफिसात तिला शंकासुर म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, आताशा तोंडावर म्हणत आणि तीही खुशाल ओ देई.

कंपनीचं अ‍ॅप होतं मंजुऱ्यांचं. कोणाला कुठलं औषध द्यायचं, कोणाला घरी सोडायचं, हे डॉक्टरांनी संगणकावर एक बटण दाबून ठरवायचं. कंपनीचा स्वतःचा कारभारही त्याच अ‍ॅपवर चाले. आणि त्याच अ‍ॅपमध्ये तिला चांगलं खिंडाराएवढं भोक सापडलं होतं.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "डॉक्टर अ‍ॅप उघडून बसलेत. मध्येच कोणीतरी पाठवलेलं भलतंच पान त्यांनी बघायला घेतलं. ते पान गुपचूप आपल्या अ‍ॅपला सांगतं, 'अमक्याला घरी सोडा.' आपलं अ‍ॅप बघतं, संगणक डॉक्टरांचा, म्हणजे हुकूमही डॉक्टरांचाच. बटण त्यांनी खरंच दाबलं का, हे विचारतंय कोण? आणि अमका उठून बसण्याआधी घरी!"

"मग?"

"मग प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त खूण पाठवायची. बाहेरच्या पानाला ती ठाऊक नसते, त्यामुळे त्याची डाळ शिजत नाही. दोन दिवसांचं काम."

"दोन दिवस नाहीत."

"मग सहीपण नाही."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझ्या चाचणीच्या खोट्यानाट्या खात्यांवर काय वाटेल ते होईल! माझ्या खात्यावर करून दाखव. नाही जमलं तर ही सही तरी कर, नाहीतर खुर्ची तरी सोड."

"लेखी द्या."

साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: 'माझ्यावर खुशाल प्रयोग करावा.'

तिला खुर्ची हवी होती. घराचे हप्ते तिच्याच पगारावर चालत होते. पण खोटी सही करून त्या खुर्चीत बसायचं म्हणजे रोज खिळ्यावर बसण्यासारखं. हा दोष मांडणारा तिचा अहवाल सकाळपासून अ‍ॅपमध्ये मंजुरीसाठी पडून होताच. त्याला तीन मंजुऱ्या लागत: साहेब, विक्रीप्रमुख आणि मालकीणबाई. तिन्ही आल्या की उद्याचा मुहूर्त आपोआप रद्द. तिने पटकन एक पान बनवलं. वर तळ्यातल्या बदकाचा फोटो आणि फोटोमागे दडवलेला हुकूम, 'अहवाल मंजूर.' जो कोणी उघडेल त्याच्या नावाने.

"हे फक्त तुम्हीच उघडा," तिने साहेबांना बजावलं. "पुढे कोणाला पाठवू नका."

साहेबांनी उघडलं. बदक. आणखी काही नाही. साहेब पोट धरून हसले.

"हेच का तुझं महासंकट? बदक?"

"मंजुऱ्यांची यादी बघा ना."

"त्यात काय बघायचंय!" आणि नको म्हटलेलं करायचंच, या स्वभावाला जागून त्यांनी ते पान विक्रीप्रमुखांना आणि मालकीणबाईंना पाठवून दिलं. सोबत ओळ जोडली: 'शंकासुराचं भयंकर अस्त्र. अवश्य उघडा!'

ती हादरली. मालकीणबाईंना फोन लावला, तर तो लागेना. तेवढ्यात विक्रीप्रमुख टाय सावरत धावत आले.

"साहेब, तो अहवाल मी कधी मंजूर केला? माझ्या नावापुढे हिरवी खूण आलीय!"

साहेबांनी यादी उघडली. पहिलीच हिरवी खूण त्यांच्या नावापुढे होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे तू केलंस!"

"तुमच्या लेखी परवानगीने. आता तुम्हीच सांगा, बटण दाबलंत का?"

"छे! मी फक्त बदक बघितलं!"

"मीसुद्धा बदकच बघितलं," विक्रीप्रमुख म्हणाले.

ती वहीत लिहू लागली.

"काय लिहितेस?"

"तुम्ही बोलताय तेच. मंजुरी तुम्ही दिली असेल, तर दोष तुम्हाला मान्य. दिली नसेल, तर दोष खरा. यातलं कुठलं लिहू?"

इकडे आड, तिकडे विहीर. साहेबांनी जोर लावून पाहिला. "माझी मंजुरी रद्द कर."

"दिलेली मंजुरी परत घेता येत नाही. नियम तुम्हीच केलाय."

"मग तिसरी तरी थांबवायला हवी!" साहेब ताडकन उठले.

"अहो, यादी पूर्ण तरी बघा..." ती म्हणेपर्यंत साहेब दाराबाहेर पोचलेसुद्धा.

मालकीणबाई म्हणजे साहेबांची सख्खी मावशी. पण ऑफिसात मावशीबिवशी चालणार नाही, मॅडम म्हणायचं, अशी त्यांची सक्त ताकीद होती आणि आठ वर्षांत साहेब एकदाही चुकले नव्हते. त्यांनी दार ढकललं, तेव्हा मालकीणबाई चष्मा नाकावर ओढून माऊसवर बोट ठेवून बसल्या होत्या.

"मावशी, उघडू नकोस!"

मागून आलेले विक्रीप्रमुख छताकडे पाहू लागले. ती दाराशी थांबली.

"कोण मावशी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मॅडम. ते बदक... उघडू नका."

"का रे? अवश्य उघडा, असं तूच लिहिलंयस."

"त्यात धोका आहे."

"बदकात?"

"बदकाच्या मागे! उघडलं की आपल्या नावाने मंजुरी जाते. बटण न दाबता! माझी गेली, यांची गेली."

"अस्सं. म्हणजे उद्या डॉक्टरांचीही जाईल?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पळायला वाट उरली नव्हती. "जाईल," ते म्हणाले.

अकरा वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. हसू आवरायला तिला ओठ चावावा लागला.

मालकीणबाईंनी माऊसवरचं बोट काढलं. "मी तो अहवाल सकाळीच अथपासून इतिपर्यंत वाचला आणि माझ्या स्वतःच्या बोटाने मंजूर केला. तेव्हा तुझं बदक आलंही नव्हतं."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे सगळं आधीच थांबलंय? मग मला एवढं बोलू कशाला दिलंत?"

"दोष आहे हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. एरवी तू जन्मात कबूल केलं नसतंस."

तिने वहीचं कोरं पान काढलं. "मॅडम, हेही लिहून घेऊ?"

"घे," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि खाली सही याची घे."