चपलांच्या कपाटातील सर्व्हरावर राजश्रींनी केलेल्या स्वारीची हकीकत

राजमान्य राजश्री, विमा कचेरीचे हिशेबनीस, स्वगृहीचे सर्व्हराधिपती, यांणी ऐन रविवारी जी मोहीम केली तिची हकीकत लिहितो. मोहिमेत शत्रू म्हणावा ऐसा कोणी नव्हता, जे नुकसान जाहले ते राजश्रींनी स्वहस्ते केले, तरी लढाई मोठी जाहली हे कबूल करणे आहे.

मूळ कारण ऐसे जे, राजश्रींनी जुना संगणक चपलांच्या कपाटात बसवून त्यास सर्व्हर ऐसा किताब दिधला, आणि घरचे यच्चयावत फोटो व आवाज त्यात नेऊन ठेविले, आणि मग फोनांत जागा व्हावी म्हणोन तेथील प्रती साफ पुसल्या. त्यात कैलासवासी सासऱ्यांच्या आवाजाचे एकुलते एक रेकॉर्डिंग होते. ते निवर्तल्यापासोन सासूबाईंना ते ऐकण्याचा धीर जाहला नव्हता. आता जाहला, आणि त्याच कामी त्या दुपारी जेवावयास खाशा येणार ऐसी खबर आली. राजश्री सकाळीच रेकॉर्डिंग काढावयास गेले, तो सर्व्हराने जबाब दिधला की, आपणास परवानगी नाही.

राजश्रींचे धाबे दणाणले. परंतु सौभाग्यवती बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून पुसता, "किरकोळ आहे गं, आत्ता होतं," ऐसे अभयवचन दिधले, आणि चपलांत फतकल मारोन बसले. मग सर्व्हराचे कायदे जीत लिहिलेले असतात ती कॉन्फिग फाइल उघडली, आणि एक कलम फिरविले, आणि यंत्र बंद करोन चालू केले, आणि फरक पडेना, मग दुसरे फिरविले, आणि मग पहिले पूर्ववत केले, आणि यंत्रास शिव्या दिधल्या. बहुत वेळाने ध्यानी आले की, ही फाइल खरी नव्हेच. खरीस धक्का लागू नये म्हणोन त्यांणीच मागे 'नवीन-अखेरची' ऐसी नक्कल करोन ठेविली होती, आणि सकाळपासोन ते नकलेशी झुंजत होते.

मग खरी फाइल पाहिली, तो तीत दोष नव्हता. दोष मालकीत होता. घरात कोणाकडून चुकून काही पुसले जाऊ नये म्हणोन राजश्रींनी 'महाव्यवस्थापक' नामे खाते निर्मून सर्व खजिना त्याच्या नावे केला, आणि बाकीच्यांचे, खुद्द आपलेही, अधिकार काढिले, आणि काही दिवसांनी हे अनोळखी खाते कोणाचे ऐसा संशय येऊन सुरक्षेखातर ते बरखास्त केले होते. आता खजिना शाबूत, मालक गायब. सासूबाईंना काय तोंड दाखवावे हे राजश्रींस सुचेना.

बारीक तपास करता एक खाते निघाले, ज्याचा पूर्ण अधिकार काढावयाचा राहूनच गेला होता. ते बाईसाहेबांचे. सर्व्हर बसविला त्या दिवशी कौतुकाने दिधले आणि मग, तुला काय कळतंय त्यातलं, म्हणोन विसरले होते. राजश्री मान खाली घालोन स्वयंपाकघरात गेले.

"म्हणजे आता मालक मी?" बाईसाहेबांनी हात पुसत विचारले.

"हो."

"मग चल तिकडे, त्या चपला नीट लाव, आणि काय दाबायचं ते सांग."

त्यांणी दाबिले, आणि मालकी फिरली, आणि दारावरची घंटा वाजली.

सासूबाई पाणी न घेता बसल्या. रेकॉर्डिंग लागले. आधी खरखर, मग कैलासवासींचा आवाज आला, "अगं, हे चालू झालंय का? दिवा तर लागलाय. तू नको काही दाबू. जावयांना बोलाव, त्यांना यातलं सगळं कळतं." सासूबाई हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या, आणि पुन्हा लाव म्हणाल्या. बाईसाहेबांनी पुन्हा लाविले. राजश्रींनी डोळे टिपिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सर्व मुलूख बाईसाहेबांच्या अमलाखाली गेला, आणि त्यांणी त्याच दुपारी हुकूम केला की, राजश्रींस यापुढे पाहण्याची व ऐकण्याची परवानगी असावी, बदलण्याची नसावी.