सातव्या टेबलावरची नीला

ते पत्र येऊन अकरा वर्षं झाली होती आणि सरांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

लिहिलं नव्हतं असं नाही. चौदा वेळा लिहिलं होतं! पण सरांचा स्वभावच असा, की दुकानात जाऊन 'एक किलो साखर द्या' म्हणायचं तरी वाटेत दोनदा तालीम करायचे, आणि दुकानदाराने 'काय हवंय?' असं विचारलं की घाबरून मीठ घेऊन यायचे. चौदाव्या मसुद्यातही गाडं 'प्रिय' लिहावं की 'चि.' यावरच अडलं होतं.

पत्र एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. आता ती चांगली मोठी डॉक्टर झाली होती. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, 'सर, प्रात्यक्षिक परीक्षेत सातव्या टेबलावर मी "नीला" असं उत्तर लिहिलं. तुम्ही शून्य दिलंत. त्या एका गुणाने माझा पहिला नंबर हुकला. सर, ती खरंच रोहिणी होती का?'

मजकूर कागदाच्या मागेही चालू होता. सरांनी कागद उलटला नाही. पुढे शिव्याच असणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा! त्यांनी पत्राची घडी घातली आणि ऊतिशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात ठेवून दिली. तेव्हापासून ते पुस्तक उघडताना सर ती दोन पानं गाळूनच वाचत.

खरं तर यात चुकण्यासारखं काही नव्हतं. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं सरांनी वैद्यकीय महाविद्यालयात हेच शिकवलं. हृदयातून रक्त घेऊन निघते ती रोहिणी, परत आणते ती नीला. मायक्रोस्कोपखाली दोघी बहुतेक शेजारी-शेजारीच सापडतात. रोहिणी जाड भिंतीची, गोल, ताठ, म्हणजे हवा भरलेली सायकलची ट्यूब. नीला पातळ भिंतीची, चेपलेली, म्हणजे तीच ट्यूब खिळ्यावरून गेल्यावर. नवीन लग्न झालं तेव्हा सर झोपेतही या दोघींचा जप करायचे आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, पहिलं वर्ष 'या दोघी कोण?' या काळजीत काढलं होतं.

तरीपण त्या पत्राने सरांच्या मनात कुसळ घुसलं ते घुसलंच. खरंच नीला असेल तर? आणि आपल्याला ओळखताच येत नसेल तर? तीस वर्षं?

आणि एके दिवशी फोन वाजला. महाविद्यालयातल्या विभागप्रमुखबाई बोलत होत्या. त्याही सरांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"सर, उद्या प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि आमच्या प्राध्यापकांना गालगुंड झालंय. एक दिवस याल का हो?"

सरांच्या तोंडून 'येतो' कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. निघालं खरं! मग घरात उगाचच छाती पुढे काढून ते म्हणाले, "त्यात काय! रोहिणी कोणती न् नीला कोणती, मी डोळे मिटून सांगेन!"

"मग चष्मा घरीच ठेवून जा," बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "नाहीतरी विसरूनच याल तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी वीस टेबलांवर वीस मायक्रोस्कोप मांडले. प्रत्येक आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आत एक केस चिकटवलेला असतो, टोक बरोबर मधोमध. डोळा लावला की तो बाणासारखा दिसतो. बाण ज्याच्याकडे बोट दाखवतो ते ओळखायचं, कागदावर लिहायचं, घंटा झाली की पुढच्या टेबलावर सरकायचं. सातव्या टेबलावरचा केस मात्र कैक वर्षांपूर्वीच तुटून आखूड झाला होता, कडेलाच घुटमळत होता. पण बोट दाखवण्यापुरता होता. सरांनी बाण रोहिणीवर आणला, तीनदा पाहिला, चौथ्यांदा चष्मा पुसून पाहिला आणि उत्तरांच्या यादीत लिहिलं: ७. रोहिणी.

साठ मुलं होती, एकामागे एक रांगेत. घंटा देण्याचं काम जुन्या परिचराकडे. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. सगळे त्याला 'टापटीप' म्हणत. एका हातात घंटा, दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा. गावभर डोळ्यांची साथ होती, म्हणून प्रत्येक मुलाचं पाहून झालं की तो आयपीस पुसायचा. पठ्ठ्याचं काम कसं चोख!

टण्! परीक्षा सुरू झाली.

पाऊण तासाने सर सहज म्हणून सातव्या टेबलाशी गेले. सहज म्हणजे अकरा वर्षांच्या धसक्याने. डोळा लावला.

बाण नीलेवर होता!

चेपलेली, पातळ, आत रक्ताच्या गुठळ्या. नीला म्हणजे नीलाच. शाळकरी पोरानेही सांगितली असती. सरांनी दुसरा डोळा लावून पाहिला. त्याच डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. त्या डोळ्याला तर ती जास्तच स्वच्छ नीला दिसली.

"अरे देवा," सर मनात म्हणाले, "सकाळी मी काय पाहिलं?" आणि हळूच यादीत 'रोहिणी' खोडून 'नीला' लिहिलं.

अर्ध्या तासाने राहवेना. पुन्हा डोळा लावला. आता बाण एका मज्जातंतूवर!

सरांना घाम फुटला. 'नीला' खोडून 'मज्जातंतू' लिहिलं. त्या घाईत खाली आठव्या उत्तरावरही शाई सांडली.

"सर, पाणी आणू?" टापटीपने हळूच विचारलं.

"नको. तू... तू जरा यात बघ. काय दिसतंय?"

टापटीपने अदबीने वाकून पाहिलं. "गुलाबी गुलाबी दिसतंय, सर. नेहमीसारखंच."

"हललं का काही?"

"मेलेलं असतंय ना सर हे? कसं हलेल?"

तेवढ्यात विभागप्रमुखबाई आल्या. सरांच्या हातातली यादी पाहून थबकल्या. "सर, सातवं उत्तर नक्की कुठलं? तीन दिसताहेत."

"सकाळी एक होतं," सर कसेबसे म्हणाले. "मग दुसरं झालं. बाई, मला घरी जाऊ द्या. माझी नजर गेली. कदाचित तीस वर्षांपूर्वीच गेली असेल, मलाच कळलं नाही! मी आजवर किती मुलांना..."

"बसा बरं आधी," विभागप्रमुखबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. "मुलांनी काय लिहिलंय ते बघू."

शेवटची घंटा झाली. दोघांनी साठ कागद मुलांच्या रांगेच्या क्रमाने लावले आणि फक्त सातवं उत्तर पाहत गेले. पहिल्या अकरा जणांनी लिहिलं होतं रोहिणी. पुढच्या चौदांनी नीला. मग मज्जातंतू, मज्जातंतू, मज्जातंतू. मग चरबी. एका प्रामाणिक पोराने लिहिलं होतं, 'सर, बाण रिकाम्या जागेवर आहे, पण मी अभ्यास केला आहे.' आणि शेवटी पुन्हा रोहिणी!

"ही परीक्षा आहे की घड्याळ?" बाई म्हणाल्या.

घड्याळ! सरांनी मान वर केली. सातव्या टेबलाशी टापटीप मायक्रोस्कोप पुसून ठेवत होता. त्याने बोळा आयपीसवर ठेवला, आणि हात गोल फिरवला. ढिला आयपीसही त्याबरोबर फिरला. इवलासाच. त्याच्या आतला केसही अर्थातच फिरला असणार; आणि हा आखूड केस तर मधोमध न पोचणारा, घड्याळाच्या काट्यासारखा कडेकडेने फिरणारा. साठ मुलं, साठ वेळा!

"अरे, थांब!" सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "असं फिरवून पुसायला तुला कुणी शिकवलं?"

टापटीपने अभिमानाने पाहिलं. "तुम्हीच की, सर! मी नवीन लागलो होतो तेव्हा. 'नुसता बोळा टेकवू नकोस, पेल्याचा काठ पुसतात तसा फिरवून पूस,' म्हणालात. तेव्हापासून एक दिवस चुकलो नाही. साथ असो-नसो."

सर पुन्हा स्टुलावर बसले. एक दिवस चुकला नव्हता!

विभागप्रमुखबाईंना हसू आवरेना. "सगळ्यांना सातव्याचा एक-एक गुण देऊन टाकू, सर. झालं!"

यांचं झालं. पण पत्र लिहिणाऱ्या त्या पोरीचं काय? तिने नीलाच पाहिली होती. तिचा पहिला नंबर एका बोळ्याने पुसला होता आणि बोळा फिरवायला सरांनी शिकवलं होतं!

सर तडक घरी आले. चप्पल न काढताच पुस्तक उघडलं आणि पत्र बाहेर काढलं. आता शिव्या वाचायलाच हव्या होत्या. त्या आपल्या हक्काच्याच होत्या. त्यांनी कागद उलटला.

'...असं विचारत तेव्हा मी तुमच्याशी भांडले. पण खरं सांगू का सर? मला काहीच दिसलं नव्हतं. एक डोळा मिटायचा तर मी घाबरून भिंगावरचाच डोळा मिटला होता. समोर नुसता अंधार. मग पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या कागदावर "नीला" दिसलं, तेच उतरवलं. तुम्ही दिलेलं शून्य बरोबरच होतं. तो बिचारा तर त्याच एका गुणाने नापास झाला. सर, माफ केलंत एवढं एका ओळीत कळवा. उत्तराची वाट पाहते.'

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग बाईंना वाचून दाखवलं.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "ती पोर अकरा वर्षं माफीची वाट बघतेय, आणि तुम्ही अकरा वर्षं तिला घाबरून पुस्तकाची दोन पानं वाचत नाही. छान! शिकलेली माणसं!"

"पण मग ती नीला..."

"आता लिहिता की पंधरावा मसुदा करता?"

सरांनी पोस्टकार्ड घेतलं. 'प्रिय' नाही, 'चि.' नाही. सरळ लिहिलं: 'तुला कधीच माफ केलं आहे. पण उत्तर बरोबर होतं. ती नीलाच होती, चूक माझी. पुढे उभा होता त्याचा पत्ता ताबडतोब कळव.'

"आणि त्याला लिहायला किती वर्षं घेणार?" बाईंनी विचारलं. पण सर तोवर जिना उतरले होते.

कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी कार्ड सोडलं. पडल्याचा आवाज आला की नाही, याची मात्र खात्री वाटेना. म्हणून इकडेतिकडे पाहून ते वाकले, तीस वर्षांच्या सवयीने एक डोळा मिटला आणि दुसरा पेटीच्या फटीला लावला.

आत नुसता काळोख! कार्ड नाही, पेटी नाही, काहीच नाही. सर घाबरून तसेच दोन मिनिटं वाकून राहिले.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की मिटलाय तो फटीवरचाच डोळा.