म्हस्कूआबांची गोल पत्रिका

तुम्हाला हे पटणार नाही. माझ्या बायकोलाही अजून पटलेलं नाही. पण इंदापूर तालुक्यात आजवर झालेल्या लग्नांत असं एकच लग्न झालं, ज्यात एकही माणूस रुसला नाही! चुलता नाही, मामा नाही, थोरला जावई नाही. बँडवालासुद्धा हसत घरी गेला! आणि त्या लग्नाची पत्रिका छापली होती मी. जोतीरामतात्या, जोतीराम मुद्रणालय, बावडा.

आधी माझ्या कॉम्प्युटरची ओळख करून देतो, कारण सगळा घोळ त्याचा. माझा नाही, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठी लिहिणारा पहिला कॉम्प्युटर माझ्या प्रेसमध्ये आला. त्र्याण्णव साली! तोवर मी शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचो. डब्यातले 'ळ' संपले की गावातली लग्नं थांबायची! मग मी पुण्याहून मराठी अक्षरांचं पॅकेज आणलं. चोरून कॉपी मारलेलं नव्हे, विकत! पावती घेऊन! त्याच्याबरोबर बोटाच्या पेराएवढं एक कुलूप दिलं होतं. ते कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलं तरच मराठी उमटायचं. काढलं की कॉम्प्युटर मुका! चार वर्षं त्या कुलपानं माझी इज्जत राखली.

सत्त्याण्णवच्या वैशाखात म्हस्कूआबा आले. आज्ज्याच्या काळात यांची मेंढरं दहा गावांचं रान चरायची. आता नऊ एकर ऊस आहे, पण हातातली काठी तीच. काखेत शंभर पानी वही.

"तात्या, आमच्या सिंधूचं जमलं. पोरगं वालचंदनगरला कारखान्यात हाय."

"लई आनंद झाला, आबा!"

"आनंद मागनं करू. वहीत दोनशे अकरा नावं हायत. पयलं कुनाचं टाकायचं त्येवडं सांगा."

इथंच तर सगळी गोम! आबांना दोन चुलतभाऊ. दादासाहेब वयानं मोठे. भीमराव वयानं लहान, पण थोरल्या घरचे. मग पत्रिकेत नाव आधी कुणाचं? आबांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात मी भीमरावांचं नाव वर छापलं. दादासाहेबांनी पस्तीस माणसं भरलेली ट्रॉली वेशीवरूनच माघारी वळवली! पुढं घरभरणीला दादासाहेबांना वर घेतलं, तर भीमराव आले खरे, पण मांडवाकडं पाठ करून ट्रॅक्टरच्या टायरवर बसले आणि घरून आणलेल्या डब्यातली भाकरी खाऊन गेले!

"ही माझी धाकटी," आबा म्हणाले. "घरातलं शेवटचं कार्य. दोगं बी मांडवात पायजेत. एक जरी न्हाय आला, तर पोरगी रडत सासरी जाईल. आन मी तुमच्या दारात यीन."

"रडायला?"

आबांनी काठी फक्त या हातातून त्या हातात घेतली.

मी हसलो. "आबा, कॉम्प्युटर हाय हितं! नावं गोलात बसवतो. गाडीच्या चाकावानी! चाकाला पयलं टोक असतं का?"

आबांनी हवेत बोटानं चाक काढून पाहिलं. दोनदा फिरवलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "तात्या, तुमी चाळीस वर्सं आधी जन्माला याया पायजे व्हता. लई भांडनं वाचली असती!"

आता बोलून तर बसलो. पण आमचं पॅकेज म्हणजे शाळेतली प्रार्थनेची रांग. एकाखाली एक, सगळं सरळ! गोल काही केल्या येईना. म्हणून बारामतीच्या आफताबला फोन लावला. कॉम्प्युटरचं दुकान त्याचं, हात सोन्याचा.

"तात्या, जुन्या सिस्टीमवर गोल येणार नाही. पंच्याण्णव सालची नवी सिस्टीम टाकावी लागेल."

"टाक की मग!"

"पण तुमचं मराठी पॅकेज तिच्यावर चालतंय का, ते आधी विचारून घेऊ."

"न चालाया काय झालं? पैसं मोजून घेतलंय!"

"तात्या, तरीपण..."

"आफताब, तू टाक!"

दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्यानं नवी सिस्टीम टाकली. पडदा उजळला. निळंभोर आभाळ आणि त्यात पांढरे ढग! काय तो देखावा! साखरबाई, म्हणजे आमच्या मंडळी, चहा घेऊन आल्या होत्या. वैशाखात ढग बघून त्या तशाच मागं फिरल्या आणि अंगणातल्या कुरडया आत घेतल्या!

आफताबनं गोल काढला. भाकरीसारखा! मग मी छाती पुढं काढून मराठी पॅकेज उघडलं. कॉम्प्युटर एकदा कण्हला आणि त्यानं इंग्रजीत सांगितलं, कुलूप सापडत नाही. आणि मी टाईप करून ठेवलेल्या दोनशे अकरा नावांची अशी काही खिचडी झाली, की तिच्यात मीठ कुठलं आणि तांदूळ कुठले तेच कळेना! टक्क्याची चिन्हं, कंस, टोपी घातलेले इंग्रजी ए, उलटी टांगलेली प्रश्नचिन्हं!

"आफताब, हे कोण?"

"दादासाहेब."

"आणि हे?"

"भीमराव."

"दोघांत फरक काय?"

त्यानं डोळे बारीक केले. "भीमरावांना टोपी नाही."

"अरं, पण कुलूप तर खोचलंय की पाठीत!"

"कुलूप आहे, तात्या. नवी सिस्टीम त्याला ओळख देत नाही."

"ओळख देत नाही? चार वर्सं ह्याच घरात ऱ्हातंय ते! ही काल आली आन घरातल्या माणसाला ओळख देत न्हाय?"

तडक एसटीडी बूथवर गेलो आणि पुण्याला पॅकेजवाल्या कंपनीत फोन लावला. एक गोड आवाजाची बाई होती.

"सर, तुमचं पॅकेज जुन्या सिस्टीमसाठी आहे."

"बाई, मी ते विकत घेतलंय."

"हो सर, जुन्या सिस्टीमसाठी."

"मग नव्या सिस्टीमला काय करू?"

"नवीन पॅकेज घ्या ना, सर."

"बाई, उद्या मी घराला नवं दार बसवलं तर बायको पण नवी आणायची का?"

"सर, त्याची चौकशी आमच्याकडे होत नाही."

आणि फोन ठेवला! बूथवाला मला पाणी प्यायला द्यायला लागला, एवढा मी लाल झालो होतो.

आफताब शांत. "तात्या, तापू नका. जुन्या सिस्टीमच्या फ्लॉप्या द्या. ती परत टाकतो. गोल येणार नाही, पण मराठी तरी येईल."

हे मात्र मी चोख जपलं होतं! देव्हाऱ्यातून लाल फडक्यात बांधलेल्या सगळ्या फ्लॉप्या आणून त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं फडकं सोडलं. एक फ्लॉपी उचलली, कानाशी हलवली. आत काहीतरी वाजलं. त्यानं तिची पत्र्याची झडप सरकवली आणि टेबलावर तांदळाचे दोन दाणे पडले.

"तात्या, हे काय?"

"अक्षता."

"फ्लॉपीत?"

"खंडेनवमीला धंद्याची हत्यारं पुजायची असत्यात, बाबा! हळद, कुंकू, पाण्याचा शिंतोडा, वर अक्षता. चार नवम्या चुकवल्या न्हाईत!"

"मग कॉम्प्युटरला पुजायचं ना!"

"त्येला करंट असतो!"

आफताबनं बाकीच्या पिवळ्याधमक फ्लॉप्या एकेक करून कानाशी हलवल्या. सगळ्या वाजल्या. मग त्यानंच त्यांना हात जोडले.

जुनी सिस्टीम गेली. शिशाचे खिळे तर मी कॉम्प्युटर आला त्याच महिन्यात भंगारात विकलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हस्कूआबा येणार, कारण पहिली पत्रिका बिरोबापुढं ठेवायची आणि मगच भावकीत वाटायला निघायचं. दुसरा कुणी असता तर दुकान बंद करून मेहुण्याच्या गावाला निघून गेला असता. मी आणखी एक चहा मागवला.

"आफताब, छाप!"

"काय छापू?"

"हेच. गोलात बसवून."

"तात्या, यातलं एक अक्षर वाचता येत नाही!"

"म्हणून तर छाप! वाचता येतंय म्हणून भांडनं होत्यात!"

आणि छापल्या! पाचशे पत्रिका, गुलाबी कागदावर लाल शाईत. मधोमध बिरोबाचं चित्र आणि भोवती टोप्या, कंस, टक्के यांचं रिंगण. देखणी हो! आबांनी ती सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली, उन्हात धरून पाहिली.

"तात्या, हे काय लिवलंय?"

"मोडी हाय, आबा. जुन्या सनदा, जुनी खतं समदी ह्याच अक्षरात. खानदानी घरात अजून वाचत्यात."

"मला येत न्हाय."

"तुमाला कशाला पायजे? तुमी तर घरचं!"

पत्रिका वाटायला मी स्वतःच निघालो. आधी गेलो दादासाहेबांकडं. आपल्या घराण्याला जुनी सनद आहे, हे ते दिवसातून तीनदा सांगायचे. त्यांनी चष्मा लावला. पाच मिनिटं पत्रिका न्याहाळली. मी घामाचा थेंब त्यांच्या कानामागून सदऱ्यात उतरताना पाहिला.

"अक्षर जुन्या वळनाचं हाय," ते म्हणाले.

"तुमाला वाचाया येतं व्हय, दादासाहेब?"

"न याया काय झालं? आमच्या आज्ज्याचं समदं मोडीतच व्हतं!"

"मग बघा बरं, तुमचं नाव कुठं हाय?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी पत्रिका हळूच एवढीशी फिरवली आणि वरच्या टोकावर बोट ठेवलं. "पार वर!"

"त्येच की! मगाशीच वाचलं म्या!"

तिथून भीमरावांकडं. त्यांनी तर पत्रिका हातात पडताच, "मोडी का? वा!" म्हणून मान डोलवली. मी पत्रिका अर्धी फिरवली, बोट तिथंच. "पार वर!" भीमराव उठले आणि त्यांनी मला मिठी मारली!

बावड्यापासून पार कोऱ्हाळे बुद्रुकपर्यंत दोनशे अकरा घरं केली. प्रत्येक घरी पत्रिका फिरवायची आणि वर बोट ठेवायचं. मनगट सुजून वांग्याएवढं झालं! लग्नाची तारीख तेवढी तोंडी सांगायचो. मोडीत तारीख लिहीत नाहीत, हा नियम मीच वाटेत काढला होता.

आणि काय ते लग्न झालं! नऊ हजार पान! बुंदी ढवळायला वल्ह्याऐवजी होडी आणली होती! दादासाहेब भीमरावांना आग्रहानं वाढतायत, भीमराव दादासाहेबांचं ताट उचलतायत. प्रत्येक जण मिशीला पीळ देऊन शेजाऱ्याकडं दयेनं बघतोय, कारण आपलंच नाव पहिलं! पुण्याहून मोडीचे एक म्हातारे जाणकार आले होते. त्यांनी भिंग लावून अख्खी पत्रिका वाचली आणि सद्गदित होऊन म्हणाले, "इतकी शुद्ध भाषा मी आयुष्यात पाहिली नाही!" त्या मोसमात माझ्याकडं सत्तर मोडी पत्रिकांची मागणी आली. पुण्याच्या त्या कंपनीनं स्वतःहून फोन करून विचारलं, तात्या, आमच्या पॅकेजमधून तुम्ही हे काढलंत तरी कसं?

परवा ही गोष्ट मी प्रेसच्या ओट्यावर दहा-बारा जणांना सांगत होतो. सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. म्हस्कूआबांची सिंधू माहेरी आली होती. ती लेकराला कडेवर घेऊन चालली होती, तीही ओट्याशी थांबली. मला आणखीच चेव आला. नऊ हजारांचे मी बारा हजार केले.

"तात्या," सिंधू म्हणाली, "माझ्या लग्नात कुनी म्हंजी कुनीच रुसलं न्हाय?"

"एक पन न्हाय, बाय! बिरोबाची आन!"

"तुमच्या त्या गुलाबी चकत्या आबानी हितंच तुमच्या टेबलावर आपटल्या व्हत्या. मग आमच्या मामंजींनी वालचंदनगरला साध्या पत्रिका छापून आनल्या. दादासाहेबकाका आन भीमाकाका एकाच वळीत घातलं. दोगं बी आलं."

"आलं ना? मग मी येगळं काय सांगतोय?"

"आलं की. पन त्या पत्रिकेत तुमचं नाव घालायचं ऱ्हायलं, आन अक्षता पडायची येळ झाली तरी माझं आय-बाप हितं हात जोडून हुबं व्हतं. तवा आतनं कडी लावून कोन बसलं व्हतं, तात्या?"