आठवा बोल्ट

चौक गावात माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. कोण काय नेतं याची यादी माझ्याकडे असते. त्या यादीप्रमाणे गावात सगळ्यात जास्त लाल नेलपॉलिश लागतं गौतमदादाला. वय साठ, मिशा पांढऱ्या, नखं काळी.

जुन्या हायवेच्या कडेला तो शर्यतीच्या मोटरसायकलींची इंजिनं बांधतो. 'दुरुस्त करतो' म्हटलेलं त्याला खपत नाही. "दुरुस्ती छत्रीची, ताई. इंजिन बांधायचं असतंय, घरासारखं." पिस्टन तो सोनाराच्या काट्यावर तोलतो. जड निघाला तर आतून कणभर घासतो, परत तोलतो. पिस्टन नि सिलिंडरमध्ये केसाएवढी फट ठेवतो. "तापलं की फुगतं. माणसागत." स्वतःच्या भाकरीला लागलेलं ग्रीस मात्र त्याला दिसत नाही.

नेलपॉलिश बोल्टसाठी. टॉर्क पाना ठरलेल्या जोराला 'कट्ट' वाजला की बोल्टवर लाल रेघ मारायची. "रेघ नाय, तर बोल्ट सैल धरायचा," हा त्याचा कायदा. रेघ मारायचं काम त्याच्या बायकोचं, शालनवहिनींचं. हा पाना ओढणार, कट्ट, "लाव गं!" वहिनी रेघ मारून म्हणणार, "लावली. पुढं चला, इंजिनियर!"

वहिनी दोन महिन्यांसाठी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. नात आता शाळेत जाते. दादा तिकडे गेला तर दुसऱ्या दिवशी परत. "चौथ्या मजल्यावर काय बांधू?" इकडे अजून "लाव गं" म्हणतो, क्षणभर थांबतो, मग स्वतःच पलीकडे जाऊन रेघ मारतो.

गेल्या रविवारी वहिनी यायच्या होत्या. दादानं एका इंजिनाचे वरचे आठ बोल्ट खास त्यांच्यासाठी आवळायचे ठेवले नि मला नवी बाटली घेऊन बोलावलं. गाडीचा मालक ती न्यायला पाचला येणार होता. चारला वहिनींचा फोन आला. नातीला ताप, जमत नाही.

"बरं. पोरीला जप," एवढंच बोलून त्यानं पाना उचलला.

कट्ट. "लाव गं."

शेडमध्ये पंखा तेवढा फिरत होता. मला काम अर्धवट राहिलेलं बघवत नाही. बाटली उघडून मी रेघ मारली. त्यानं चमकून पाहिलं. पुढच्या कट्टला म्हणाला, "लावा, ताई."

सात झाले. आठवा आवळला नि त्यावर त्यानं हात ठेवला.

"ह्यो राहू द्या. पाचशे किलोमीटरला गाडी तपासायला येतीच. तवा ती लावील."

"तोवर सैल धरायचा?"

त्यानं पाना पुन्हा लावला, मला ऐकू जावं म्हणून. कट्ट.

"घट्ट हाय."

मी बाटलीचं झाकण लावू लागले.

"ताई," तो म्हणाला, "उघडल्यावर ही किती दिवसांनी वाळती?"