‘वाटा’ नावाचं बटण

मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात भाषण कोणी करायचं, हा विषय निघाला आणि शिक्षकांच्या खोलीत जो तो निमित्त शोधू लागला. गणिताच्या सरांना तपासायच्या वह्या आठवल्या. चित्रकलेच्या बाईंचा घसा तिथल्या तिथे बसला. शेवटी सगळ्यांच्या नजरा अनुस्वारबाईंवर येऊन थांबल्या. हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. बाई मराठी शिकवत, आणि कुणाच्या वहीत एखादा अनुस्वार गळला तर त्यांना दुपारचा डबा गोड लागत नसे.

“भाषा तुमची, बाई,” गणिताचे सर म्हणाले. “आम्हाला कुठले शब्द सुचायला?”

“शब्द सुचतात हो. पण बोलायचं काय?”

प्रश्न रास्त होता. मुख्याध्यापक वाईट माणूस होते असं कुणीच म्हणालं नसतं, पण चांगले होते याचाही पुरावा कुणाजवळ नव्हता. इतकी वर्षं त्यांनी शाळा चालवली ती सूचनाफलकावरून. आपल्या खोलीतून ते सहसा बाहेर पडत नसत, आणि आत गेलेल्याला ‘बसा’ म्हणत नसत. तरीही, उभं आयुष्य शाळेत घालवलेल्या माणसाला असं कोरड्या तोंडाने जाऊ देणं बाईंच्या जिवाला लागत होतं. म्हणून त्या ‘बरं’ म्हणाल्या.

त्याच सुमारास शाळेत एक नवं ॲप आलं होतं. मुलांनी त्यावर निबंध लिहायचा, ॲप तो नाव झाकून वर्गातल्याच दोघांकडे पाठवणार, आणि त्यांनी वाचून तारे द्यायचे, अभिप्राय लिहायचा. जाता जाता मुख्याध्यापकांनी काढलेली ही शेवटची सूचना. खाली तळटीप होती, ‘प्रत्येक वर्गात माझेही नाव घालावे. मी वाचणार आहे.’ बाईंनी नववीला विषय दिला, ‘माझ्या आठवणीतली व्यक्ती’, आणि वर बजावलं, “विशेषणांच्या माळा नकोत. गुण सांगितला की प्रसंग सांगायचा. प्रसंग नसेल तर गुण खोडायचा.”

ॲप मराठीत होतं. म्हणजे कुठल्याशा यंत्राने त्याला कान धरून मराठीत आणलं होतं. निबंध पाठवायच्या बटणावर ‘शरण जा’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता.

आता भाषण त्यांनी हाताने लिहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण समारंभाचं भाषण छापील हवं, आणि घरच्या संगणकावर मराठी अक्षरं धड उमटत ती फक्त त्या ॲपमध्ये. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाईंनी ॲपमधलं नववीचं पान उघडलं आणि ‘शिस्तप्रिय’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ असं एकेक ओवत भाषण पुरं केलं. आता बाहेर पडायचं होतं. पडद्यावर बटणं दोनच. एकावर ‘शरण जा’, दुसऱ्यावर ‘वाटा’.

“अहो, जरा इकडे या,” त्यांनी नवऱ्याला हाक मारली. “‘वाटा’ म्हणजे काय असेल?”

“मसाला वाटा.”

“थट्टा पुरे.”

“मग हिस्सा. तुझा वाटा, माझा वाटा.”

“इथे कसला आलाय हिस्सा?” बाईंनी चष्मा सारखा केला. “वाट, वाटा. स्त्रीलिंगी, अनेकवचन. बाहेर पडायच्या वाटा असणार. शरण तर मी काही जायची नाही.”

“तू आजवर कुणाला गेलीस?” असं म्हणून नवरा पुन्हा पेपरात शिरला. बाईंनी ‘वाटा’ दाबलं. हिरवी खूण उमटली आणि बाई समाधानाने उठल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत संगणकाचे सर त्यांना शोधत आले. “बाई, तुमच्या नववीत एक निबंध दोघांऐवजी आख्ख्या वर्गाकडे गेलाय. कुणीतरी ‘वाटा’ दाबलंय.”

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. “‘वाटा’ म्हणजे...”

“म्हणजे सगळ्यांना वाटा. आज्ञार्थ.”

“मागे घ्या तो! आत्ताच्या आत्ता!”

“एकदा अभिप्राय आला की मागे घेता येत नाही. मुलं पळवाट काढतात म्हणून मोठ्या सरांनीच तसं करायला लावलंय.”

“आणि त्यांनाही तो दिसतोय?”

“प्रत्येक वर्गात त्यांचं नाव आहे ना.”

बाई तडक संगणकाच्या खोलीत गेल्या.

भाषणात नाव नव्हतं, नुसतं ‘आपले सर’ होतं. त्यामुळे मुलांना तो कुणा दोस्ताचाच निबंध वाटला होता, आणि दोस्ताला कोण सोडतो? बाईंनी धीर करून अभिप्राय उघडले. ‘शिस्तप्रिय चार वेळा आलंय. बाई खवळतील.’ ‘मनमिळाऊ म्हणतोस, तर कुणाकुणाशी मन मिळालं ते लिही.’ ‘हे सर खरे आहेत, की मार्कांसाठी तयार केलेस?’ ‘पुस्तकातून उतरवलंय हे बाईंना लगेच कळेल. वेळ आहे तोवर बदल.’ आणि एक होता, ‘एक तरी प्रसंग टाक ना. नाहीतर ते गेल्यावर कुणाला त्यांची आठवण कशी येणार?’

हा शेवटचा बाईंनी पुन्हा पुन्हा वाचला. त्यांना मनापासून लाज वाटली. आपण शिकवलेलं पोरांना आलं होतं, आणि आपणच कोरडे पाषाण राहिलो होतो.

मग बाई शाळाभर प्रसंग मागत फिरल्या.

“प्रसंग?” गणिताचे सर विचारात पडले. “मला एकदा उशीर झाला तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं होतं. बोलले काही नाहीत.”

“याला प्रसंग नाही म्हणत.”

“मला किती दिवस झोप नव्हती, बाई!”

चित्रकलेच्या बाईंना सर एकदा आपल्याकडे बघून हसल्यासारखे वाटले होते, पण तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं. शिपाईमामांनी उलट विचारलं, “चांगलं सांगू, की खरं सांगू?” बाई तिथूनच परत फिरल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी, अभिप्राय बंद व्हायच्या जरा आधी, आणखी एक आला. लिहिणाऱ्याचं नाव मुलांना दिसत नसे, शिक्षकांना दिसे. बाईंनी ते वाचलं. मुख्याध्यापक. पाचपैकी दोन तारे. खाली लिहिलं होतं, ‘शुद्धलेखन निर्दोष. प्रसंग हवा, या मताशी सहमत. मीही पुष्कळ आठवून पाहिला. सापडला नाही. लेखकाचा दोष नाही.’

बाईंना रडू आलं. छापून ठेवलेलं भाषण त्यांनी टराटरा फाडलं.

सभागृह गच्च भरलं होतं. मुख्याध्यापक मंचावर ताठ बसले होते. बाई रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या.

“सरांचा एकच प्रसंग माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या, “आणि तो कालचा आहे.” त्यांनी सगळं सांगून टाकलं. चुकलेलं बटण, मुलांचे अभिप्राय आणि सरांचे दोन तारे. “स्वतःच्या निरोपाचं भाषण समोर आलं, तर हा माणूस ते प्रामाणिकपणे तपासतो आणि दोनच तारे देतो. मी एवढी खरी नाही. मला जमलं नसतं.”

नववीच्या रांगांमध्ये माना एकदम खाली गेल्या. आपण कुणाचं काय तपासलं ते आत्ता त्यांना कळत होतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच उमगेना.

मुख्याध्यापक उत्तर द्यायला उठले. त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला आणि एका सुरात वाचायला सुरुवात केली. “येथील शिक्षकवृंद निष्ठावान, कष्टाळू व मनमिळाऊ...”

“प्रसंग!” नववीतून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापकांनी कागद घडी घालून खिशात ठेवून दिला.

“मी इथे रुजू झालो त्या दिवशी,” ते म्हणाले, “माझ्या खोलीचं दार अडकलं. आतून उघडेना. पहिलाच दिवस, हाक मारायची लाज वाटली. शाळा सुटेपर्यंत आतच बसून राहिलो. शिपाईमामा झाडायला आले तेव्हा सुटका झाली. बाहेर आलो तर सगळे म्हणत होते, नवे सर भलतेच कडक दिसतात, दिवसभर दार उघडलं नाही. मग दुसऱ्या दिवशी बाहेर कुठल्या तोंडाने यायचं, ते कळेना. तिसऱ्या दिवशीही कळलं नाही. ते राहूनच गेलं.”

आधी शिपाईमामा हसले. मग गणिताचे सर हसले, मग सगळं सभागृह हसायला लागलं, आणि बाई डोळे पुसता पुसता हसत राहिल्या. मुख्याध्यापक गोंधळून सगळ्यांकडे बघत होते. हसू ओसरल्यावर त्यांनी माईक जरा जवळ ओढला.

“अजून एक सांगू का?” त्यांनी विचारलं.