कंचनबाईचा अंगठा, गल्लीचं पाणी

“नळ म्हंजे काय विमान हाय काय? एक आटा ढिल्ला करा लागते, आतला वायसर बदला लागते, अन् आटा पुन्हा कसा लागते! एवढ्याशा कामासाठी धनसिंगची वाट पाहाले मी काही रिकामी नाही!”

कंचनबाईनं ही घोषणा केली तीसुद्धा घरात नव्हे, नवऱ्याच्या कापडदुकानात, भर गिऱ्हाइकांत! फूलचंदच्या हातातली मीटरपट्टी खणाच्या कापडावरच थांबली.

तसा तिचा राग खोटा नव्हता. अंगणातला नळ आठवडाभर टिपटिप गळत होता. जैनाचं घर, पाणी गाळून पिणारं. एकेका थेंबात असंख्य जीव असतात हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे प्रत्येक ‘टिप’ कंचनबाईच्या काळजावर हातोड्यासारखी पडायची. आणि कारंजा गावातला भरवशाचा एकच नळफिटर, धनसिंग, मानोऱ्याकडे आपल्या तांड्यावर लग्नाला गेलेला!

“अवं, उद्या येतोच म्हने तो,” फूलचंद हळूच म्हणाला.

“त्याचा उद्या कोनत्याच पंचांगात सापडत नाही! मीच करतो आता!”

तिथून ती तडक शेजारच्या जगदेवकडे गेली. त्याच्या मळ्यात ऑइल इंजिन होतं, म्हणजे घरात पाना असणारच. जगदेवनं तो दोन्ही हातांनी उचलून आणला. पाना कसला, भीमाची गदाच!

“वैनी, हा इंजिनाचा पाना हाय. नळाले नाही जमत.”

“पाना काय इचारते काय, तू नळ हायस का इंजिन? द्या इकडे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी कंचनबाईनं सायकलच्या फाटक्या ट्यूबचा गोल वायसर कापला, पदर खोचला आणि पाना नळाला लावला. पौषातली थंडी. पाइप बर्फासारखा गार. नळ काही हलेना. मग तिनं पान्यावर दोन्ही हात टेकले, देवाचं नाव घेतलं आणि सगळं वजन टाकलं.

कडाक!

आटा ढिला झालाच नाही. अख्खा नळच पाइपातून उपटून हातात आला! नेमकं त्याच वेळी नगरपालिकेचं पाणी सुटलेलं. पाण्याचा झोत तिच्या कपाळावर आदळला, तिथून उडून वाळत घातलेल्या पापडांवर गेला. गावाचं नावच कारंजा, पण गावात खरंखुरं कारंजं उडालं ते त्या दिवशी!

कंचनबाईनं झडप घालून पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी थांबलं. अंगठा काढला की कारंजं, ठेवला की कंचनबाई कैद!

“अवो! धावा वोऽऽ!”

फूलचंद दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन धावला. “गल्लीतली मोठी चावी बंद करून पानीच तोडतो!”

“कशी करता? त्या चावीवरच तं सुंदरबाईनं दिवाळीले ओटा बांधला!”

फूलचंद जागीच बसला. समोरच्या सुंदरबाईचं आणि कंचनबाईचं भांडण याच ओट्यावरून झालेलं, तेव्हापासून बोलणं बंद. आणि सुंदरबाई म्हणजे गल्लीचं सोवळं! सूर्य बुडाल्यावर घास नाही, घरात कांदा-लसणाचं नावही नाही. कुणाच्या पिशवीतून बटाटा डोकावला तरी ती भर रस्त्यात प्रवचन द्यायची. अशा बाईला ‘ओटा फोड’ कोण सांगणार?

“मी लावतो अंगठा, तू सरक,” फूलचंद म्हणाला. त्याचा अंगठा काडीसारखा. पाणी थेट नाकात! मग त्यानं दुकानातलं मांजरपाट आणून बोळा ठोकला. बोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि त्याच्याच कपाळावर फटकन बसला.

तोवर दाराशी बायका जमल्या. कंचनबाईचा अंगठा घसरला की गल्लीतले सगळे नळ गुरगुरून मुके व्हायचे.

“कंचनबाई, आमच्या हंड्यात थेंब नाही! फिटर काहून नाही बलावला?”

“मीच फिटर हाय!” कंचनबाई थडथड कापत ओरडली. “होऊनच राह्यलं काम!”

जगदेवनं पाइप निरखून पाहिला. “वैनी, याच्यात गाजर बसते चपखल. गाजर असन तं आना.”

दाराशी जमलेल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

“गाजर?” फूलचंद गरजला. “आमच्या घरात कंदमूळ? आमच्या सात पिढ्यांनी जमिनीखालचं चाखलं नाही!”

“मंग मी बजारातून आनतो,” म्हणत जगदेवनं सायकल काढली.

तो गेला आणि गर्दी हटवत सुंदरबाई आत आली. भांडायलाच आली असणार, म्हणून कंचनबाईनं आधीच हनुवटी वर केली. पण सुंदरबाईनं फूलचंदसकट सगळ्यांना बाहेर काढलं, कडी लावली आणि पदराखालून एक लांबलचक, लालबुंद, स्वच्छ धुतलेलं गाजर काढलं!

कंचनबाईनं गाजराकडे पाहिलं. मग सुंदरबाईकडे.

“बोलू नोको. अंगठा काढ.”

गाजर पाइपात गेलं, मागून पान्याचा एक ठोका बसला आणि पाणी गप्प!

“सुंदरबाई, हे तुमच्या घरी...?”

“हलवा आवडते मले,” सुंदरबाई जमिनीकडे बघत पुटपुटली. “कोनाले सांगशीन तं जीव देईन मी.”

कंचनबाईनं पाइपाच्या तोंडावर फडकं गच्च बांधलं आणि मगच दार उघडलं.

जगदेव परतला तो गाजराऐवजी धनसिंगलाच घेऊन! स्टँडवर एसटीतून उतरताना सापडला होता. धनसिंगनं सगळ्या गल्लीदेखत फडकं सोडलं आणि खूश होऊन म्हणाला, “वा! गाजर! कोनाचं डोकं म्हनाचं हे?”

“अगं माय! गाजर!” बायका कुजबुजल्या. सुंदरबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

कंचनबाई ओल्याचिंब लुगड्यात ताठ उभी राहिली. “माह्यं हाय! मीच आनलं, मीच खातो! नळ बी मीच खोलला अन् पानी बी मीच थांबवलं! ज्याले जे म्हनाचं ते म्हना!”

बायका तोंडाला पदर लावून पांगल्या. सुंदरबाई जाताना तिचा हात घट्ट दाबून गेली. नगरपालिकेचं पाणी गेल्यावर धनसिंगनं नवा नळ बसवला आणि तोही गेला.

राहिला फूलचंद! आता याच्याशीही भांडू, एका शब्दानं माघार नाही, असं ठरवून कंचनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फूलचंदनं दार लावलं. खिडकी लावली. मग जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला,

“अवं, हे आधी सांगाचं नाही काय? मी कायले इतके वर्स स्टँडच्या हॉटेलात भिंतीकडं तोंड करून आलुबोंडे खाल्ले असते?”

जन्मात गाजराचा तुकडा न चाखलेल्या कंचनबाईनं त्याला फाडून खायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कोणत्या तोंडानं बोलणार!