प्रकृती कळवण्याची पद्धत

मेंदूतली पेशी ही अत्यंत जबाबदार कर्मचारी असते. आपल्या जागी दुसरी नेमणूक होणार नाही हे जाणून असल्यासारखं तिचं वागणं असतं. विषाणू आत शिरला तरी ती सहसा जीव देऊन मोकळी होत नाही; टिकून राहते, त्याला रोखू पाहते. आणि लगेच शेजारणींना कळवते, की माझ्याकडे शिरलाय, तुम्ही दारं लावून घ्या. त्या लावून घेतात. ‘उगाच काळजी नको, म्हणून बोलले नाही’ असं कोणी म्हणत नाही. (पेशींवर घरचे संस्कार नसावेत.)

आमची पद्धत अधिक सुसंस्कृत आहे. आमच्याकडे आजार बरा झाल्यावर कळवतात. आत्याचं ऑपरेशन टाके निघाल्यावर कळलं. दादाचा हात मोडल्याचं कळलं, तेव्हा तो त्याच हाताने बॅग उचलत होता. वीस वर्षांतले आजार सतरा, वेळेवर कळवलेले शून्य. सोळा बरे झाले, म्हणून पद्धत यशस्वी मानली जाते.

बाबा या पद्धतीचे प्रमुख. ते पाणीपुरवठा खात्यातल्या गळती विभागातून निवृत्त झाले. नळाला पहिला थेंब दिसताच न कळवणाऱ्याला ते चारचौघांत झापत. (नियम फक्त पाइपांना लागू होता.) ते एकटे राहत, माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर.

मंगळवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला.

“कसे आहात, बाबा?”

“ठणठणीत! तू बोल.”

“आवाज असा काय लागतोय?”

“बातम्यांशी भांडत होतो. तू कधीपासून डॉक्टर झालीस? जेवलीस का?”

“जेवले.”

“मग ठेव. कामं असतील तुला.”

कामं होती. ठेवला.

गुरुवारी शेजारच्या काकूंनी बाबांचं दार फोडायला लावलं. ताप पाच दिवसांचा होता. मेंदूज्वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, “पेशी शेवटपर्यंत झुंजतात हो. पण दोन दिवस आधी आणलं असतं, तर...” वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. (त्यांच्याही घरी हीच पद्धत असावी.)

शनिवारी बाबा गेले.

भेटायला आलेल्या सर्वांचं एकमत झालं, की त्यांनी कोणाला त्रास दिला नाही. हे कौतुकाने म्हटलं गेलं. आत्याने डावा पाय ओढत येऊन म्हटलं. (पायाचं काय झालंय, ते यथावकाश कळेल.)

“आणि कळायला मार्गच नव्हता,” दादा म्हणाला. “तू नेहमी बोलायचीस, तुला तरी कुठे कळलं?”

सगळ्यांनी माना हलवल्या. वाचकांनीही हलवल्या असतील. पण लपवणारा एकटा ही पद्धत चालवू शकत नाही, त्याला ऐकणाऱ्याची साथ लागते. ‘बरं, काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवणारं कोणीतरी लागतं. तुम्ही शेवटचा कधी ठेवलात, ते मी विचारत नाही.

“मला कळलं होतं,” मी म्हणाले. “मंगळवारीच. मला जायचा कंटाळा आला.”